विश्लेषण : हॉटेलांचे तेल गटारात का जाते? नियम असूनही मलवाहिन्या का तुंबतात?

एक लिटर वापरलेले तेल मोरीत ओतले, तर ते कायद्याच्या मर्यादेत बसावे म्हणून त्याच्याबरोबर किती पाणी सोडावे लागेल? सुमारे ४६ हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार सार्वजनिक मलवाहिनीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीसचे प्रमाण लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९२० ग्रॅम भरते. पुढचा हिशेब सरळ आहे. पाणी मिसळून मर्यादा गाठणे हा अर्थातच उपाय नव्हे. नियम किती कडक आहे याचा अंदाज यावा, एवढ्यासाठीच हा आकडा.

दिवसाला १० हजार लिटर पाणी वापरणारे एखादे हॉटेल घेतले, तर या हिशेबाने त्याने दिवसभरात फार तर २०० ग्रॅम तेल मलवाहिनीत सोडायचे. मिसळीच्या तर्रीची दोन-तीन मोठी पातेली न पुसता धुतली, तरी एवढे तेल सहज जाते. बटाटेवड्यांची कढई, पावभाजीचा तवा, बिर्याणीची हंडी अजून बाकीच आहेत.

म्हणजे कायदा ढिला आहे असे म्हणायला जागा नाही. तरीही बाजारपेठांच्या आणि खाऊगल्ल्यांच्या आसपास मलवाहिन्या पुन्हा पुन्हा तुंबतात, मॅनहोलमधून घाण पाणी रस्त्यावर येते आणि पालिकेची गाडी येऊन तात्पुरता मार्ग मोकळा करून जाते. याचे नेहमीचे स्पष्टीकरण म्हणजे हॉटेलवाल्यांची बेफिकिरी आणि पालिकेचे दुर्लक्ष. दोन्हीत तथ्य आहे, पण तेवढ्याने कोडे सुटत नाही. स्वयंपाकघरातून बाहेर पडणारे तेल दोन प्रकारचे असते. एकाला गिऱ्हाईक आहे, दुसऱ्याला नाही. गटारात प्रामुख्याने जाते ते हे दुसरे.

आपल्याकडच्या उकाड्यात तेल गोठतेच कसे?

‘तेल गोठून पाइप तुंबणे हा थंड देशांचा प्रश्न’ असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वनस्पती तूप, लोणी, मटणाची चरबी आणि पाम तेलाचा काही भाग आपल्या हवेतही घट्ट होतो, हा एक मुद्दा झाला. पण मलवाहिनीच्या भिंतीला चिकटलेला थर म्हणजे नुसते गोठलेले तेल नसते.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या थराची रासायनिक घडण दाखवून दिली. तेल पुन्हा पुन्हा तापवले, त्यात ओले पदार्थ तळले की त्याचे रेणू फुटतात आणि मेदाम्ले सुटी होतात. नळीत खरकटे कुजू लागले की ही क्रिया आणखी पुढे जाते. सुट्या मेदाम्लांची गाठ कॅल्शियमशी पडते. हे कॅल्शियम काही प्रमाणात पाण्यातून येते आणि बरेचसे काँक्रीटच्या नळीतूनच झिरपते. दोघांच्या संयोगातून तयार होतो तो चक्क साबण. फरक एवढाच की हा साबण पाण्यात विरघळत नाही. बोअरच्या जड पाण्यात साबण वापरला की बादलीच्या कडेला जो पांढरट, बोटाने खरवडून काढावा लागणारा थर बसतो, त्याचाच हा थोरला भाऊ. वर्ष-दोन वर्षांत तो गिलाव्यासारखा टणक होतो. मग त्याला भाताची शिते, डाळीचा साका, ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, प्लास्टिकच्या पिशव्या असे सगळे अडकत जाते.

हे लक्षात घेतले की दोन घरगुती उपाय आपोआप बाद होतात. मोरीत उकळते पाणी ओतले की तेल पातळ होऊन पुढे सरकते, पण ते पुढच्या चौकात जाऊन बसते. भांड्यांचा साबण तेलाचे बारीक थेंब करतो. पाण्याबरोबर थोडे अंतर गेल्यावर, साबणाची तीव्रता कमी झाली की ते थेंब पुन्हा एकत्र येतात. हॉटेलची मोरी स्वच्छ राहते आणि तुंबते ती सार्वजनिक नळी. ज्याच्यामुळे तुंबते त्याला ते दिसत नाही आणि ज्याला दिसते त्याला ते कुणामुळे हे सिद्ध करता येत नाही. एका मलवाहिनीला पन्नास दुकाने जोडलेली असतील, तर तो थर नेमका कोणाचा?

या थराने किती मोठे रूप घ्यावे, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनचे. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या व्हाइटचॅपल भागात व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मलवाहिनीत २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा चरबीचा गोळा सापडला. तो फोडून बाहेर काढायला कामगारांना नऊ आठवडे लागले. उच्च दाबाचे पाण्याचे झोत आणि फावडी, हीच त्यांची हत्यारे. त्याचा एक तुकडा पुढे २०१८ मध्ये लंडनच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत मांडला गेला आणि लोक तो बघायला गेले. अशा गोळ्यांना इंग्रजीत ‘फॅटबर्ग’ म्हणतात आणि २०१५ मध्येच हा शब्द ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात दाखल झाला होता. अशा तुंबण्या काढण्यावर आपण दरमहा सुमारे १० लाख पौंड खर्च करतो, असे लंडनचा पाणीपुरवठा आणि मलनिःसारण सांभाळणाऱ्या कंपनीने त्या वेळी सांगितले होते.

याची किंमत कोण मोजते?

लंडनमध्ये किंमत पौंडांत मोजता येते. आपल्याकडे ती वेगळ्या ठिकाणी चुकवली जाते.

नळी तुंबली की सांडपाणी साचून राहते, कुजते आणि त्यातला प्राणवायू संपतो. मग हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास ही त्याची ओळख, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची क्षमताच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला असे वाटते, नेमके त्याच क्षणी माणूस कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही कोसळतो. जून २०१९ मध्ये गुजरातेत वडोदऱ्याजवळ डभोई तालुक्यातल्या एका हॉटेलच्या मैलाटाकीत असेच सात जण गेले. त्यांत टाकी साफ करायला बोलावलेले कामगार होते आणि हॉटेलचे कर्मचारीही होते.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा स्पष्ट आहे. सुरक्षासाधने आणि यंत्रे न देता कुणालाही मलवाहिनीत किंवा मैलाटाकीत उतरवता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे बंधन केवळ पालिकेवर नाही, कोणत्याही व्यक्तीवर आहे, हॉटेलमालकावरही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाखांवर नेली. २९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत हाताने मैला आणि मलवाहिन्या साफ करण्यास बंदी घालणारा आदेश दिला.

आता प्रश्न असा की यंत्रांनी हे काम होते का? साचलेला गाळ, वाळू, पिशव्या हे सारे शोषून घेणारी आणि पाण्याचा झोत मारणारी यंत्रे काढू शकतात. मॅनहोलमधला कचरा उचलणारे यंत्रमानवही केरळातल्या तरुण अभियंत्यांनी बनवले आणि ते अनेक शहरांत पोहोचले. पण भिंतीला गिलाव्यासारखा चिकटलेला चरबीचा थर हा त्यातल्या त्यात चिवट प्रकार. झोत त्याचा मधला भाग फोडून पाण्याला वाट करून देतो, कडेचा थर राहतो आणि काही महिन्यांत नळी पुन्हा अरुंद होते. म्हणून तेल वरच्या वर अडवणे हा सफाई कामगाराला खाली उतरावे न लागण्याच्या लढाईचाच भाग आहे. ही दोन प्रकरणे आपण फार वेगळी ठेवतो.

ग्रीस ट्रॅप : यंत्र साधे, काम नकोसे

तेल अडवण्याचे साधन जुने आणि अगदी सोपे आहे. त्यात ना मोटर ना वीज. मोरीतले पाणी एका टाकीत येते आणि आडव्या-उभ्या पडद्यांमुळे संथ होते. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून वर येऊन तवंग धरते. खरकटे जड, म्हणून तळाशी बसते. मधल्या थरातले त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी बाहेरच्या नळीने मलवाहिनीत जाते. झाले एवढेच.

अट एकच, पाण्याला थांबायला वेळ मिळाला पाहिजे. मोठ्या टाकीत तो अर्ध्या तासाच्या आसपास धरतात. सिंकखाली बसवलेल्या छोट्या पेटीत तो मिनिटांवर येतो. त्यात ऐन गर्दीच्या वेळी तीन नळ एकदम सुटलेले, पाणी कडकडीत, वर साबणाचा फेस. तेल वेगळे व्हायच्या आतच बाहेर. त्यामुळे ‘ट्रॅप बसवला आहे’ हे वाक्य खरे असूनही उपयोगाचे नसते.

दुसरी अट साफसफाईची. वरचा तवंग आणि तळचा गाळ मिळून टाकीच्या खोलीचा चौथा भाग भरला की ती उपसायची, असा ढोबळ नियम अनेक देशांत पाळला जातो. व्यवस्थित चालणाऱ्या हॉटेलात छोटी पेटी आठवड्याभरातच, काही ठिकाणी रोजच, या पातळीला येते. भरलेला ट्रॅप हा ट्रॅप राहतच नाही, तो नळीचा एक फुगीर तुकडा होतो. आणि ज्याने कधी तो उपसला आहे, त्याला या कामाचा वास सांगावा लागत नाही. हॉटेलातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे ते येते आणि तो काय करतो? तीन बादल्या घाण काढतो आणि रात्री मागच्या गल्लीतल्या चेंबरमध्ये किंवा पावसाळी गटारात ओततो. दिवसभर अडवलेले तेल एका मिनिटात सार्वजनिक नळीत. त्या माणसाला दोष देणे सोपे आहे. त्याने ती बादली दुसरीकडे कुठे न्यायची होती, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते.

पिवळे तेल आणि तपकिरी ओशट

वर म्हटलेले दोन प्रकार आता समोर घेऊ. कढईत उरलेले, तळून काळवंडलेले पण बऱ्यापैकी शुद्ध तेल हा पहिला प्रकार. या व्यवसायात त्याला पिवळे म्हणतात. ट्रॅपमधून निघणारा पाणी, कुजके खरकटे आणि चरबीचा लगदा हा दुसरा, तपकिरी.

पहिल्याबाबत आपल्याकडे गेल्या काही वर्षांत बरेच घडले. ‘एफएसएसएआय’ने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या राष्ट्रीय प्राधिकरणाने, १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांहून जास्त झाल्यास ते वापरण्यास मनाई केली. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात तयार होणाऱ्या घातक घटकांचे हे मोजमाप आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची ‘रुको’ योजना आली. १ मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना तेलाची नोंद ठेवणे आणि वापरलेले तेल अधिकृत संस्थेलाच देणे बंधनकारक झाले. २०२५ मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत कारखान्याला अशा तेलापासून विमानाचे इंधन तयार करण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. थोडक्यात, पिवळ्या तेलाला भाव आहे. पैसे देऊन ते डबे उचलणारे दारात येतात. ज्याला भाव आहे ते गटारात ओतायला कुणाला आवडेल? इथला धोका उलटा आहे. तेच तेल स्वस्तात छोट्या गाड्यांवर जाऊन पुन्हा आपल्या ताटात येऊ शकते आणि ‘रुको’चा मूळ हेतू ते रोखण्याचाच आहे.

तपकिरीला असा कुणी वाली नाही. त्यात पाणीच बहुतांश, मेदाम्ले प्रमाणाबाहेर, वास असह्य. त्यातून इंधन निघते, पण त्यासाठी ते आधी गाळावे, आटवावे लागते आणि तो खर्च पदरात पडत नाही. ते उचलायला टँकर बोलवायचा तर पैसे मिळत नाहीत, द्यावे लागतात. कायद्याने दोन्ही तेले सारखीच घाण आहेत, बाजाराने मात्र एकाला मालमत्ता आणि दुसऱ्याला कटकट ठरवले.

अन्नसुरक्षेचे नियम कढईतल्या तेलापर्यंत येऊन थांबतात, कारण त्यांचा विषय खाणाऱ्याची तब्येत हा आहे. महापालिकेचा मलनिःसारण विभाग मॅनहोलपासून सुरू होतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा भर स्वाभाविकच मोठ्या उद्योगांवर. कढई आणि मॅनहोल यांच्या मधल्या दहा-पंधरा फुटांत ट्रॅप असतो आणि ही जागा कुणाच्याच रोजच्या कामाचा भाग होत नाही.

इतर शहरांनी काय केले?

सॅन फ्रान्सिस्कोने २००७ मध्ये हॉटेलांचे वापरलेले तेल पालिकेतर्फे फुकट उचलून त्याचे इंधन करायला सुरुवात केली. तोडगा छान होता, पण तो पिवळ्या तेलापुरता. खाडीच्या पलीकडच्या ऑकलंडमधले उदाहरण आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळचे आहे. तिथल्या ‘ईस्ट बे’ पाणी संस्थेच्या सांडपाणी केंद्रात मैल्याचा गाळ कुजवून वायू करणाऱ्या टाक्यांची क्षमता शिल्लक होती. संस्थेने बाहेरचा सेंद्रिय कचरा, त्यात हॉटेलांच्या ट्रॅपमधला लगदाही, टँकरने आणून टाकायला परवानगी दिली आणि त्यासाठी शुल्क घेतले. चरबीतून वायू भरपूर निघतो. २०१२ मध्ये हे केंद्र स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त वीज निर्माण करणारे उत्तर अमेरिकेतले पहिले सांडपाणी केंद्र ठरले. मलवाहिनीतून आलेली चरबी केंद्राचे नुकसान करते. ती जिवाणूंभोवती थर धरते, हवा मिसळू देत नाही, फेस आणते. तीच टँकरने येऊन थेट बंद टाकीत गेली की इंधन ठरते.

आयर्लंडमधील डब्लिनने वेगळे टोक धरले. २००८ पासून तिथे खाद्य व्यवसायांना सांडपाणी सोडण्यासाठी परवाना घ्यावा लागू लागला. ट्रॅप कोणता, किती वेळा उपसला, कुणी नेला याच्या नोंदी आणि तपासणी ही परवान्याची अट. इथे पाण्याच्या नमुन्यापेक्षा कागदाला महत्त्व आहे आणि माझ्या मते ते योग्य आहे. लिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा प्रयोगशाळेत मोजावी लागते. नमुना सकाळी अकराला घेतला तर एक आकडा, रात्री साडेअकराला घेतला तर दुसरा. हजारो हॉटेलांसाठी हे कोणत्याही पालिकेला झेपणारे नाही. उलट, ‘गेल्या महिन्यात ट्रॅप किती वेळा उपसला आणि तो माल कुठे उतरवला, पावती दाखवा’ हे आरोग्य निरीक्षकाला दोन मिनिटांत विचारता येते. दंडाच्या भीतीपेक्षा रोजची वही जास्त काम करते.

मात्र पावती मागायची तर माल उतरवून घेणारी जागा हवी. मुंबईत आज हाच कळीचा मुद्दा आहे. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशा सात ठिकाणी मिळून दिवसाला २४६ कोटी ४० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करू शकतील अशी नवी केंद्रे बांधली जात आहेत. पुण्यातही जपानच्या कर्जातून ११ केंद्रांचा, दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटरचा प्रकल्प हाती घेतलेला आहे. अशा केंद्राच्या आवारात टँकर रिकामा करण्याचा एक धक्का, वजनकाटा आणि गाळणी असलेली टाकी ही एकूण खर्चात नगण्य बाब. बांधकाम चालू असताना ती घालणे सोपे, नंतर भिंती फोडून घालणे अवघड.

राहिला प्रश्न लहानांचा. हातगाडीला ट्रॅप बसवता येत नाही आणि पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंना टँकर परवडत नाही. त्यांच्यासाठी पहिले पाऊल बिनखर्चाचे आहे. कढई-पातेले धुण्याआधी रद्दी कागदाने पुसायचे आणि तो कागद सुक्या कचऱ्यात न टाकता ओल्या कचऱ्यात टाकायचा. दुसरे पाऊल मात्र पालिकेने उचलायचे आहे. खाऊगल्लीतल्या वीस गाड्यांची भांडी एकाच ठिकाणी धुतली जावीत, तिथे एक मोठा सामाईक ट्रॅप असावा, तो ठरलेल्या वारी पालिकेच्या टँकरने उपसावा आणि त्याचे पैसे गाड्यांच्या परवाना शुल्कातून वळते करावेत. वीस जणांकडून दंड वसूल करण्यापेक्षा हे स्वस्त पडेल आणि टँकर वेळेवर आला नाही तर जाब कुणाला विचारायचा, हेही त्यात स्पष्ट असेल.